आजीवन की महिन्याला

महिन्याला नऊ पौंड.
आजीवन दोनशे सोळा, एकदाच.
खाली बारीक अक्षरात: आजीवन म्हणजे
सेवेचं आयुष्य, सभासदाचं नव्हे.

हे मला नवीन नाही.
कराडला आमचे नाना एका मासिकाचे
आजीवन वर्गणीदार होते. पावती
विम्याच्या कागदांत जपून ठेवलेली.
मासिक सहा वर्षांत बंद पडलं.
नाना त्यानंतर एकतीस वर्षं जगले,
आणि पोस्टमन दारावरून गेला की म्हणायचे,
"मी अजून आहे, बरं का."

शेजारची एअरलिस सत्त्याऐंशीची.
लानेल्लीच्या या गल्लीत एकोणतीस वर्षं
आमच्यात एकच भिंत,
आणि बोलणं सगळं इंग्रजीत, दोघींच्याही उसन्या.
मार्चात तिला झटका आला.
हात परत आला, चमचा धरता येऊ लागला.
इंग्रजी परत आली नाही.
आता ती फक्त वेल्श बोलते,
आईच्या कडेवरची, गायी हाकायची,
आणि मी, जिनं या गावातल्या निम्म्या लोकांना
सुया टोचल्या, समोर बसून
नंदीबैलासारखी मान डोलावते.

म्हणून हे अ‍ॅप. सात दिवस फुकट होते.
त्यांत कळलं, पाऊस पडतोय हे सांगायला
इथे चार शब्द लागतात, आणि सराव रोज होतो.
गावाच्या नावातला तो दोनदा लिहिलेला ल
जिभेच्या कडेनं फुंकर मारून काढायचा.
मला जमत नाही. पण आपल्या ळवर
इथली माणसंही अशीच घसरतात. फिट्टंफाट.
आणि चहा म्हणजे ‘ते’.
कपभर मागायचा झाला की तोच ‘दे’ होतो.
पानेद ओ दे.
ती म्हणते ‘दे’, मी देते.
तेवढ्यापुरतं दोन्हीकडचं व्याकरण एक.

आज आठवा दिवस. पडदा विचारतोय, कोणती योजना?

निषादनं रेडिंगहून फोनवरच हिशेब केला,
"चोवीस महिने, आई. त्यापुढं वापरलंस
तर आजीवन स्वस्त. नाहीतर महिन्याचं घे,
हवं तेव्हा बंद करता येतं."
बरोबरच आहे. भागाकार, बाकी शून्य.
गॅसच्या बिलाच्या पाकिटावर मी तो पुन्हा मांडला
आणि चोवीसवर पेन्सिल थांबली.
म्हणजे आता भिंतीपलीकडच्या खोकल्याला
मी तारीख घालायची.
वॉर्डाच्या दाराशी कितींनी विचारलं असेल,
"सिस्टर, अजून किती दिवस?"
माहीत असूनही मी कधी सांगितलं नाही.
आणि आज अंदाज बांधायचा, तो कशासाठी,
चाळीस-पन्नास पौंड वाचावेत म्हणून.

क्षणभर वाटलं, आजीवनच घ्यावं, शुभ म्हणून.
बोट तिथवर गेलंही.
मग नानांची पावती आठवली,
एवढी जपलेली, आणि तिला विचारायला कुणी नाही.
पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात
हयातीचा दाखला द्यावा लागतो ना,
तसं मला कुणीतरी विचारायला हवं आहे,
दर महिन्याला, नऊ पौंडांच्या आवाजात:
आहे ना अजून?

महिन्याचं घेतलं. चौदा तारीख.

निषाद म्हणेल, महागात पडेल.
पडू दे.
पंचविसावा हप्ता जाऊ दे, सव्विसावा,
चाळिसावा जाऊ दे. आयुष्यात एकदा तरी
मला पुरतं फसू दे.

भिंतीवर चमच्याची टकटक होते आहे.
आले गं.
ते कसं म्हणायचं, हा धडा अजून झालेला नाही.